एका लुगड्यावरची जकात

मला बोलायची भारी हौस. आमच्या पेठेत कुणाचं भांडण मिटवायचं असो, कुणाच्या घरी बारशाला चार शब्द बोलायचे असोत, बोलवायचे मलाच. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. तोंड उघडलं की समोरची माणसं गप्प होत आणि मला चढत जायचं. आयुष्यात मी एकदाच तोंड मिटून उभा राहिलो, आणि नेमकं त्याच दिवशी बोलायला हवं होतं. त्या दिवसाचं लिहायला बसण्याची ही तिसरी खेप. आधीचे दोन्ही कागद फाडून चुलीत घातले, कारण दोन्हीत मी स्वतःला सांभाळून घेतलं होतं.

नावं कुणाचीच लिहिणार नाही. त्या संस्थानाचंही नाही. सोलापूरच्या आजूबाजूला तेव्हा संस्थानी मुलूख थोडा का होता? कुठलंही समजा. सकाळी बैलगाडी जुंपली की दुपार कलताना सरहद्दीचा नाका लागायचा. अलीकडे इंग्रज सरकार, पलीकडे दरबार. दोघांची दोस्ती मोठी. कलेक्टरसाहेब पलीकडे शिकारीला जायचे आणि दरबारचे दिवाण अलीकडे मेजवानीला यायचे.

आम्ही तेलुगू विणकर. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात दखनी. वडिलांना आम्ही नायना म्हणायचो. घरात दोन खड्डामाग होते, एकावर नायना आणि एकावर मी. आई आणि धाकटी बहीण सुताच्या कांड्या भरायच्या. बहीण माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. मला अण्णा म्हणायची, आणि माझं भाषण असलं की बायकांच्या घोळक्यात सगळ्यांत पुढं जाऊन बसायची. घरी आल्यावर माझी नक्कल करायची, हात वर करून, मान हलवून. मी चिडलो की आणखी करायची.

तिची सोयरीक ती पाळण्यात असतानाच ठरलेली. आईचा सख्खा भाऊ, म्हणजे आमचा मामा, पलीकडच्या गावात राहायचा. तोही विणकर. त्याच्या मुलाला ती द्यायची हे इतकं ठरलेलं होतं, की लहानपणी ती रुसली की आई म्हणायची, "जा मग सासरी." मामा दर दोन महिन्यांनी गाडी घेऊन सोलापुरात यायचा, गिरणीचं सूत घ्यायला. येताना भाच्यांसाठी शेंगा, हुरडा, काहीतरी घेऊन यायचा. नायना आणि तो मागाच्या दोन्ही बाजूंना बसून तंबाखू मळत तासन्‌तास सुताच्या बारीकजाड नंबरावर बोलत बसायचे. दुसऱ्या कुणाला कंटाळा आला असता. पण त्या दोघांचं तेच सुख.

आमच्या घराण्यात एक रीत होती. लग्न मुलाच्या दारी लागायचं आणि नवरीचं लुगडं तिच्या बापानं स्वतःच्या हातानं विणायचं. ते न्यायचं कोरं. कोरं म्हणजे मागावरून उतरलं तसं, पाण्याचा थेंब न लागलेलं. विणायच्या आधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला खळ देतात. आमच्या गल्लीत सकाळी ताणे लांबच लांब ताणून ठेवलेले असत आणि बायकापुरुष कुंचल्यांनी त्यांवर तांदळाची पेज फिरवत. ती पांजणी. त्या खळीनं कोरं कापड ताठ राहतं, हातात घेतलं की वाजतं. मांडवात नवरीनं ती घडी मोडायची. आणि एखाद्या बाईचा पाट लावायचा असला, म्हणजे विधवेला किंवा सोडलेलीला पुन्हा घर द्यायचं असलं, तर तिला धुवट लुगडं. बोलून दाखवायची गरजच नसायची. लुगडं बघितलं की बाई पहिल्या लग्नाची की पाटाची ते सगळ्यांना कळायचं.

बहिणीला सतरावं लागलं त्या वर्षी लग्न धरलं होतं, आणि त्याच वर्षी तो जकातीचा बखेडा सुरू झाला.

झालं असं. पलीकडच्या विणकरांनी दरबाराकडे रड मांडली, की सोलापूरचं लुगडं आमच्या बाजारात स्वस्त येतं, आमचे माग बसले. दरबारानं सोलापूरच्या कापडाच्या गठ्ठ्यावर जकात चढवली. चांगली सणसणीत चढवली. आमचा माल निम्मा पलीकडेच खपायचा. व्यापाऱ्यांनी विणकरांकडून लुगडी घेणं थांबवलं. घराघरात घड्या रचून पडल्या. व्यापारी कलेक्टरकडे गेले, म्हणाले, तुम्हीही त्यांच्या मालावर बसवा काहीतरी. साहेब म्हणाले, दरबार आमचा दोस्त आहे, दोस्तावर जकात कशी बसवायची? झालं! मग व्यापाऱ्यांनी ठरवलं, सरकार करत नाही तर आपण करू. सोलापूरच्या गिरणीचं सूत सरहद्दीपलीकडे जाऊ द्यायचं नाही. सुताशिवाय विणतात कशानं ते बघू.

सभा सुरू झाल्या. स्वयंसेवक उभे राहिले. मी तर काय, पुढंच! डोक्यावर टोपी, दंडाला पट्टी, रोज सकाळी सुताच्या पेढ्यांसमोर आमचा पहारा. पलीकडची गाडी दिसली की परत पाठवायची. पंचवीस वर्षांचा नव्हतो मी तेव्हा, आणि आपण देश चालवतोय अशी ऐट.

एका सकाळी मामाची गाडी आली. त्याला बहिष्काराची खबर होती, पण त्याला वाटलं असेल, आपला भाचा उभा आहे, आपल्याला कोण अडवतं. त्यानं पेढीवरून सुताची चार गाठोडी उचलून गाडीत घातलीसुद्धा. मला बघून हसला, म्हणाला, "काय रे पुढारी, जेवलास का?" भोवतीचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. हा आपल्या माणसाला सोडतो की काय, असं त्यांच्या तोंडावर होतं. मी पुढं झालो आणि गाडीतलं सूत खाली ओढलं. एक गाठोडं फुटलं, लडी धुळीत पसरल्या. मामा म्हणाला, "अरे, हातानं घालतो परत, थांब की." मी थांबलो नाही. वर ओरडलो, "दरबाराच्या पायरीवर अर्ज घेऊन जाणाऱ्यांत हा पण होता! विचारा त्याला!" ते खरंही होतं, त्या अर्जावर त्याचा अंगठा होता. मामानं पागोटं काढलं, झटकलं, पुन्हा डोक्यावर ठेवलं आणि रिकामी गाडी वळवली. त्याच्या गावचे माग दीड महिना बंद पडले, ते मला नंतर कळलं.

नायना त्या रात्री जेवले नाहीत. मला काही म्हणाले नाहीत, पण आईला म्हणाले, "पोरगी द्यायची आहे तिथं."

आता ज्या वाक्यानं सगळा घोटाळा केला, ते वाक्य. त्यानंतर आठवड्याभरानं मोठी सभा झाली. माणसं खूप, पण थंड. आधीचे दोघे बोलून गेले, गठ्ठा, टक्के, वजन असलं काहीबाही. लोक जांभया देत होते. मी उभा राहिलो, दोन वाक्यं बोललो, काही केल्या रंग चढेना. आणि मग माझ्या तोंडून निघालं, "गठ्ठ्याचं सोडा हो! बाप लेकीच्या लग्नाचं एक लुगडं घेऊन निघाला, तर त्या एका लुगड्यावरसुद्धा नाक्यावर जकात घेतात! आणि नाही दिली तर लुगडं काढून घेतात!"

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी वाचलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. उभ्या उभ्या सुचलं. सगळं मैदान एकदम उठलं. टाळ्या, आरोळ्या, बायका तर पदर डोळ्यांना लावायला लागल्या. खाली उतरलो तर व्यापाऱ्यांचे चिटणीस मला मिठी मारायला आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्रक छापलं, आणि त्यात तेच वाक्य मोठ्या अक्षरात सगळ्यांत वर. मी ते पत्रक घरी आणून भिंतीला चिकटवलं. छापलेलं वाचलं आणि मलाही ते खरंच वाटायला लागलं. शपथेवर सांगतो, चार दिवसांत मी विसरून गेलो होतो की ते माझंच आहे.

नायनांनी लुगडं विणायला घेतलं. हिरवं अंग, लाल काठ. त्या उदास घरात तेवढा एक माग चालू होता आणि त्याचा आवाज ऐकायला बरा वाटायचा. बहीण कांड्या भरून द्यायची आणि लाजून दूर बसायची. शेवटची वीत राहिली तेव्हा नायना थांबले आणि भिंतीवरच्या पत्रकाकडे बोट करून म्हणाले, "हे खरं हाय का रे? एका लुगड्याला बी?"

"छापलंय की, नायना."

"मग न्यायचं कसं? जकात देऊ, पण काढून घेतलं तर? पोरगी मांडवात काय नेसंल?"

आणि अडचण एकच नव्हती. जकात भरून लुगडं नेलं तर दरबाराला पैसा दिला, बहिष्कार मोडला म्हणून माझीच पोरं मला अडवणार. त्यांना मीच शिकवलं होतं, घरचा दारचा बघायचा नाही. मी विचार केला आणि तोड काढली. मला तेव्हा ती फार हुशारीची वाटली. नेसलेल्या कापडाला जकात नाही. पण कोरं लुगडं नेसलं तर ताठ उभं राहतं, वाजतं, आंधळ्यालाही कळेल. म्हणून ते धुवायचं, खळ काढून मऊ करायचं, आईनं नेसायचं, नाका ओलांडायचा, आणि गावाच्या अलीकडे एखाद्या विहिरीवर पेज करून पुन्हा खळ द्यायची. वाळलं की घडी घातली, झालं कोरं.

नायना माझ्याकडे बघतच राहिले. "विणकराच्या घरी न्यायचंय ते," म्हणाले. "कापड विकणाऱ्याच्या न्हाय."

"लग्नाच्या गडबडीत हात लावून बघतंय कोण?"

त्यांनी लुगडं मागावरून उतरवलं, पण धुवायला हात लावेनात. आई तर स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. शेवटी मीच घंगाळात रिठ्याचं पाणी केलं आणि ते लुगडं बुडवलं. पाणी लगेच पांढरं झालं. बहीण दारात उभी राहून बघत होती. मी म्हटलं, "घाबरू नको गं, परत ताठ करून देतो." तिनं मान हलवली.

पहाटेच्या अंधारातच दोन गाड्यांतून वऱ्हाड निघालं. नायना, आई, बहीण, मी, आणि पेठेतली सात-आठ माणसं. नाक्यावर एक शिपाई खाटेवर पडला होता. "क्या लेको जारे?" त्यानं पडल्या पडल्या विचारलं. नायना म्हणाले, "शादी को जारे." त्यानं उठायचेही कष्ट घेतले नाहीत, हातानं जा जा केलं. गाडी पुढं गेल्यावर मला हसू फुटलं. मी आईला म्हटलं, "बघितलंस? कसं फसवलं!" आई हसली नाही.

मामाच्या गावाबाहेर विहीर होती. तिथं तीन दगड मांडून पेज शिजवली. आईनं साडी बदलली. नायनांनी आणि मी ते लुगडं दोन बाभळींच्या मध्ये ताणून कुंचल्यानं खळ दिली. नायनांचा हात सरावाचा, पण त्या दिवशी कुंचला सारखा अडखळत होता. वाळल्यावर लुगडं ताठ झालं. वाजलंही. मला तर काही फरक दिसेना. नायनांनी घडी घातली, कोपऱ्यांना हळद लावली आणि घडी कपाळाला टेकवली. "आता देव हाय," म्हणाले.

मामाच्या दारी मांडव होता. मामा समोर आला, नायनांना भेटला, माझ्याकडे बघितलं नाही. ते मला अपेक्षितच होतं. मामीला आम्ही अत्ता म्हणायचो, तीच आता बहिणीची सासू होणार. अत्ता पाटावर बसली, पंच भोवती बसले, आणि रीतीप्रमाणे नायनांनी लुगड्याची घडी तिच्या ओटीत ठेवली.

तिनं वरून हात फिरवला. थांबली. पुन्हा फिरवला. मग घडीत खालून दोन बोटं घातली. मग तिनं पदराचं टोक सोडवलं. पदराच्या शेवटी ताण्याचे धागे मोकळे राहतात त्या दशा. त्यांतला एक धागा तिनं ओढला, दातांत धरला आणि जिभेवर फिरवला. तिच्या माहेरी आणि सासरी सात पिढ्या ताणे पांजले होते. वरून दिलेली खळ कापडावर बसते, धाग्याच्या पोटात शिरत नाही. हे मला माहीत नव्हतं? माहीत होतं! लहान पोरालाही माहीत असतं आमच्यात. गडबडीत कुणी बघणार नाही, एवढंच धरून चाललो होतो मी.

"धुतलंय," अत्ता म्हणाली. ओरडली नाही. तिलाच ते खोटं ठरायला हवं होतं असा तिचा आवाज होता. "वरनं खळ दिली या. आत धागा मऊ हाय."

मग सगळे एकदम बोलायला लागले. धुवट लुगडं! म्हणजे काय? पोरीचं आधी काही झालंय का? तिकडं शहरात काय भानगड? बहीण आत बायकांत बसली होती. ती सगळं ऐकत होती.

नायना उठले. हात जोडून म्हणाले, "तसलं काय न्हाय हो. पोरगी हळदीइतकी शुद्ध हाय. नाक्यावर लुगडं काढून घेतील म्हणून धुतलं. एका लुगड्यावर बी जकात हाय, म्हणून."

मामा पहिल्यांदा बोलला. "एका लुगड्याला जकात? भाऊजी, कुणी सांगितलं तुमाला? जकात गठ्ठ्याला हाय, विकायच्या मालाला. लग्नाच्या कापडाला दरबारानं कधी हात लावला न्हाय."

एक म्हातारा पंच म्हणाला, "माझ्या नातीचं लुगडं मागल्या महिन्यात सोलापुरासनंच आलं की. कुणी इचारलं बी न्हाय."

"पण छापलंय," नायना म्हणाले. "पत्रकात छापलंय. आमच्या घरी भिंतीवर हाय."

"कुणी छापलं? कुणी बघितलं जकात घेताना?"

नायनांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. आमच्या पेठेतली माणसंही बघत होती, ज्यांनी सभेत टाळ्या वाजवल्या होत्या.

काय करायचं होतं मला? दोन वाक्यं. मी सभेत खोटं बोललो, नायनांनी ते खरं मानलं. बस. नायना खरे ठरले असते आणि बहीण सुटली असती. मामानं मला चार शिव्या घातल्या असत्या, पेठेत माझी नाचक्की झाली असती, आणि पोरगी हळद लावून मांडवात उभी राहिली असती. मी मामाकडे बघत होतो. त्याच्या डोक्यावर तेच पागोटं होतं. माझ्या मनात एकच आलं, मी बोललो तर हा जिंकतो. देवा! बहिणीचा जन्म पणाला लागलाय आणि मला कोण जिंकतो त्याचं पडलं होतं. मी खाली बघितलं.

नायना थोडा वेळ थांबले, माझी वाट बघत. मग खाली बसले. मांडवातल्या सगळ्यांनी ठरवलं की पोरीचा बाप बहाणे करतोय.

पंच बाजूला गेले, परत आले. मामा म्हणाला, "सोयरीक मोडणार न्हाय. पाळण्यातला शब्द हाय, माझी भाची हाय. पण लुगडं आणलं तसं लगीन लागंल." त्याच्या मतानं त्यानं दया केली. लग्न मोडून पोरगी परत पाठवली असती तर तिला कोण घेतं? त्याचंही चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. म्हणून तर जास्त जळफळाट होतो.

दिवस मावळता मावळता परसात बहिणीला पाट लावला. हळद नाही, गाणी नाहीत, वाजंत्र्यांना परत पाठवलं. सवाशिणी घरात थांबल्या, कारण पाटाला सवाशिणी येत नाहीत. सतरा वर्षांची पोरगी, ज्या मुलाच्या नावानं लहानपणापासून चिडवून घेतलं त्याच मुलाशी लग्न, आणि तिच्या डोक्यावर अक्षता टाकायला दोन विधवा. ते हिरवं लुगडं तिनं नेसलं होतं. खळ नीट बसली नव्हती, चुन्यासारखे पांढरे डाग दिसत होते.

निघायच्या आधी मी तिला परसात गाठलं. तिनं डोळे पुसले होते. म्हणाली, "अण्णा, ते लुगड्याचं तू तितंच रचलंस ना? भाषण करता करता?"

मी खाली सांडलेल्या अक्षता पायानं बाजूला सारायला लागलो.

"मला तवाच वाटलं हुतं. तुझा हात कसा वर जातो, मला ठावं हाय." मग म्हणाली, "मी बी टाळ्या वाजवल्या की."

मी म्हटलं, "मी उद्या सकाळी मामाला सगळं सांगतो. पंचांना बोलावून सांगतो."

"सांग," ती म्हणाली.

सकाळी गाड्या जुंपल्या. मामा बैलांना वैरण टाकत उभा होता, माझ्यापासून चार हातांवर. मी गाडीत चढलो. परतीच्या वाटेवर नायनांनी एकदाच विचारलं, "ते कुणी छापलं रे?" मी म्हटलं, "काय की." पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही. घरी आल्यावर त्यांनी भिंतीवरचं पत्रक नखानं खरवडून काढलं.

पुढच्या वर्षी बखेडा मिटला. दिवाण आणि साहेब कुठंतरी जेवायला बसले, जकात उतरली, आमच्या व्यापाऱ्यांनी सूत सोडलं. दोन्हीकडच्या व्यापाऱ्यांनी एकमेकांना हार घातले. सोलापुरात मोठा समारंभ झाला आणि त्यात भाषणाला मला बोलावलं. आणि मी गेलो! शेजाऱ्यांच्या दोस्तीवर बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. असा माणूस मी.

मामाची गाडी पुन्हा सुताला यायला लागली. पण आमच्या दारात थांबत नव्हती. बहिणीच्या गावात तिला बायका "पाटाची" म्हणायच्या. एकदाच लग्न झालेली, नवरा जिवंत, पण हळदीकुंकवाला बोलावणं नाही, कुणाच्या लग्नात ओटी भरायला हात नाही, नवरीच्या बांगड्यांना स्पर्श नाही. जाऊ नवीन आली, तिच्या मांडवात माझ्या बहिणीला मागच्या दारी भांडी घासायला बसवलं. हे ती कधी सांगायची नाही, तिकडून येणारी माणसं सांगायची. मी दोनदा भेटायला गेलो. दोन्ही वेळा मनात ठरवून गेलो, की आज मामाला सांगायचंच. ती मला भाकरी वाढायची, सोलापूरच्या गोष्टी विचारायची, आणि मधूनच माझ्याकडे अशी बघायची, की आता हा बोलणार. मग मी गावाला लवकर परतायचं कारण काढायचो.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी बाळंतपणात ती गेली. बाळही गेलं. सांगावा घेऊन माणूस सकाळी आला. सवाशिणीला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. नायनांच्या मागावर विकायचं एक लुगडं पुरं होत आलं होतं. त्यांनी तिथल्या तिथं कात्रीनं ताणा कापला, उतरवलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, "पाणी लावू नकोस त्याला."

ते स्वतः आले नाहीत. पाय चालत नाहीत म्हणाले. आईला घेऊन मी निघालो.

नाक्यावर नवा शिपाई होता, काम मन लावून करणारा. त्यानं घडी हातात घेतली, दाबून बघितली. कोरं लुगडं वाजलं. "नया है. किसके वास्ते?"

"बहन के वास्ते."

"शादी है?"

आई रडायला लागली. त्याला कळलं. त्यानं घडी दोन्ही हातांनी परत दिली. वर मला म्हणाला, "डरते कायको? एक लुगडे को जकात नहीं होती. मालूम नहीं क्या?"

"मालूम है," मी म्हटलं.

मामाच्या दारी तिला अंघोळ घालून ठेवलं होतं. मी लुगडं अत्ताच्या हातात दिलं. तिनं घडीवर हात फिरवला, आणि तिचं तिलाच कळलं नसेल, पण तिनं दशांतला एक धागा ओढला आणि दातांत धरला. मग भोवतीच्या बायकांकडे बघून म्हणाली, "कोरं हाय." आणि मग तिला जो हुंदका फुटला तो आवरेना.

बहिणीला ते नेसवलं. लाल काठ गळ्यापाशी नीट केला. मामा माझ्या शेजारी उभा होता. मी म्हटलं, "मामा, ते जकातीचं मी रचलं होतं. सभेत. नायनांना माहीत नव्हतं. तिचं आधी काहीच झालं नव्हतं."

मामानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं मारेल. मारायला हवं होतं. तो म्हणाला, "तवा बोलायचं हुतं की रे." एवढंच. मग तो वाकला आणि तिरडीची पुढची बाजू उचलली. मी मागं जाऊन खांदा दिला.